पाठमोरी

फेब्रुवारी सरत आला की आमच्या ऑफिसबाहेरचा रस्ता गुलाबी होतो. पानं झडलेल्या झाडांवर आठवड्याभरात नुसती फुलंच फुलं येतात, खाली लावलेल्या गाड्यांच्या टपांवर पडतात, आणि महादेवपुऱ्यातल्या काचेच्या इमारतींमधून माणसं जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून त्यांचे फोटो काढतात. मीही काढते. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या कॉलेजातून मुलं बाहेर येतात. हातात पारदर्शक पाऊच, त्यात हॉल तिकीट, दोन पेनं, चेहऱ्यावर पेपर कसा गेला ते न सांगण्याचा निश्चय. मग मी फोन खाली घेते आणि वर जाते.

याच दिवसांत, मी अठरा वर्षांची असताना, एका आंधळ्या बाईला मी भिंतीवर नसलेलं शिल्प दाखवलं. ती बाई माझी सख्खी आत्या.

आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते नीट कुणालाच ठाऊक नाही. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगतात; सांगताना त्यांची छाती थोडी पुढे येते. चिकपेटेत आमचं अस्तराच्या कापडाचं दुकान. घरात बोलतो ती मराठी अशी, की ऑफिसातले पुण्याचे लोक ऐकून हसतात. ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हटल्याशिवाय आमचं वाक्य संपत नाही.

इंदूआत्या अण्णांची थोरली बहीण. बागलकोटला शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. तिची प्रत्येक सुट्टी लेण्यांत गेली. बदामी तर परसात असल्यासारखी. मग ऐहोळे, वेरूळ, अजिंठा, कार्ले, भाजे. डब्यात दशम्या, खांद्याला पाण्याची बाटली आणि एक चित्रवही. एका खांबासमोर ती दिवसभर बसायची. पन्नाशीत काचबिंदूनं तिचे डोळे कडांकडून खायला सुरुवात केली. आधी बाजूचं गेलं, मग जवळचं, आणि शेवटी रुपयाएवढा उजेड उरला होता तोही गेला. त्या दसऱ्यात अण्णा जाऊन तिला घेऊन आले. एक ट्रंक, एक पांढरी काठी, अकरा चित्रवह्या.

चामराजपेटेतलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक. वरची माझी होती. मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. टेबल, दिवा, भिंतीवर चिकटवलेले केमिस्ट्रीचे तक्ते, आणि त्यांच्याशेजारी आता आत्याची कॉट.

‘‘बाहेर काय दिसतंय गं?’’ ती विचारायची. सकाळी विचारायची, दुपारी विचारायची, मी गणितात बुडालेली असताना विचारायची.

‘‘काही नाही. समोरच्या घराची भिंत.’’

‘‘कुठला रंग?’’

‘‘निळा.’’

‘‘कसला निळा? नवीन दिलाय की उडालाय? ऊन कुठवर आलंय तिच्यावर?’’

‘‘आत्या, माझी परीक्षा आहे.’’

‘‘तू बघत नाहीस, उमा. नुसती नजर फिरवतेस. तुझ्यासारख्यांना डोळे दिलेत आणि माझे काढून घेतलेत, याला काय म्हणावं.’’

हे ती रागानं म्हणत नव्हती. वर्गातल्या मुलीच्या चित्राखाली शेरा लिहावा तसं म्हणायची. आईला मात्र तिची दया यायची. आई म्हणायची, अक्कांनी सगळं आयुष्य बघण्यात घालवलं, आता त्यांनी करायचं काय? मला दया येत नव्हती. मला माझी खोली परत हवी होती.

फोनचं परीक्षेच्या आदल्या महिन्यात झालं. वर्गातल्या एका मुलाशी मी बोलायची. दुपारी, पांघरूण डोक्यावरून घेऊन, अगदी ओठांत. आत्या शेजारच्या कॉटवर पडलेली असायची. मला वाटायचं, झोपलीय. एका रविवारी माझे मामा-मामी जेवायला आले होते. मामींनी सहज विचारलं, उमाचा अभ्यास कसा चाललाय? आत्यानं हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याच कुजबुजीत, माझ्याच लाडिक हेलात म्हणाली, ‘‘नाही रे, तू आधी ठेव. नाही, तू ठेव.’’

पंगत हसली. मामा तर ठसका लागेपर्यंत हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हात धुतला, वर जाऊन फोन आणला आणि कपाटात कुलूपबंद केला. शेवटचा पेपर होईपर्यंत तो तिथंच राहिला. तो मुलगा पुढं माझ्याशी बोलला नाही. ते काही फार मोठं नव्हतं, आज त्याचं आडनावसुद्धा आठवत नाही. पण मामांचा तो ठसका मला अजून ऐकू येतो.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, ‘‘उद्या आत्याला देवनहळ्ळीला घेऊन जा. तिकडं कुठलं तरी लेणं आहे म्हणते. कधीची मागं लागलीय.’’

दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणी सिनेमाला जाणार होत्या. मी आत्याला घेऊन मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस धरली.

विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर तिनं विचारायला सुरुवात केली. द्राक्षांचे मांडव आहेत का अजून? चकोतऱ्याची, म्हणजे पपनसांची, झाडं? मी हो-नाही करत राहिले. खरं तर शेतांमधून पिवळे-पांढरे हद्दीचे दगड रोवले होते आणि ‘साइट्स विकणे आहे’ अशा प्लॉटांच्या पाट्या होत्या. पण ते सांगितलं असतं तर आणखी दहा प्रश्न आले असते. देवनहळ्ळीला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला चांगला होता. आत्या त्याच्याशी कन्नडात बोलली, तो टेकडीच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेला, आणि तिला हात देऊन उतरवताना मला म्हणाला, ‘‘स्वल्प हळू न्या, अम्मा पडतील.’’

ते लेणं कुठल्या पुस्तकात नाही. मोठ्या उघड्या कातळाच्या पोटात कोरलेली एक ओसरी, दोन चौकोनी खांब, मागं माणूस वाकून जाईल एवढी एक कोठडी. बस. आत्या विशीत असताना कुणा नातेवाइकांबरोबर तिथं घटकाभर थांबली होती, चित्र काढायचं राहून गेलं होतं. आत पाऊल टाकताच अंगाला गारवा लागला. वटवाघळांचा वास, कुणीतरी लावून गेलेल्या उदबत्तीची राख, आणि बाहेरच्या उन्हानंतर डोळ्यांपुढं आलेली काळोखी. त्या क्षणी मीही काही बघू शकत नव्हते. आत्याला काहीच फरक पडला नाही. ती सरळ खांबाशी गेली, काठी टेकून ठेवली आणि दोन्ही हात दगडावर ठेवले.

तिचा चेहरा बदलला. मी तिला आमच्या घरी कधीच तशी पाहिली नव्हती.

‘‘छिन्नीचे घाव बघ,’’ ती म्हणाली. ‘‘इथं तिरके आहेत, इथं सरळ. दोन माणसं होती. हा डावखुरा.’’ ती बोटांनी पुढं पुढं सरकत होती. ‘‘हा ग्रॅनाइट, उमा. बदामीचा दगड साबणासारखा वाटेल याच्यापुढं. वरून सुरुवात करायचे. आधी छत, मग खांब, जमीन सगळ्यात शेवटी. पायाखालचा न काढलेला दगड हीच त्यांची शिडी. आणि एकदा जास्त काढला की गेला. मूर्तीचं नाक उडालं तर दुसरं कुठून आणणार?’’

बोलत बोलत ती डावीकडच्या भिंतीशी आली. ती भिंत कोरी होती. नुसते छिन्नीचे ओरखडे. काम अर्धवट टाकून कारागीर निघून गेले असावेत. आत्यानं हात पोचेल तिथवर चाचपली.

‘‘खाली काही नाही. वर आहे का काही? माझा हात पोचत नाही तिथं?’’

खरं उत्तर दोन अक्षरांचं होतं. मी घड्याळात पाहिलं. सिनेमा सुरू झाला असेल. मला ती पंगत आठवली.

‘‘आहे ना,’’ मी म्हणाले. ‘‘एक बाई आहे.’’

आत्या जागच्या जागी थांबली. ‘‘कशी?’’

‘‘बसलेली. गुडघे पोटाशी घेऊन. पण तिचा चेहरा दिसत नाही. ती पाठमोरी आहे.’’

‘‘पाठमोरी?’’

‘‘हो. भिंतीकडं तोंड करून बसलीय. वेणी कमरेपर्यंत आलीय. एक हात भिंतीला टेकवलाय.’’

मला मजा येत होती. हे लिहिताना जड जातं, पण मजाच येत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती विचारत होती आणि मला कंटाळा येत नव्हता. पायात काय आहे? वाळे. किती मोठी आहे? माझ्या हाताएवढी. वेणी सुटली आहे का, की घट्ट? सैल. मी एकेक गोष्ट घडवत गेले आणि तिचा श्वास जलद होत गेला.

‘‘पाठमोरी कुणी कोरत नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘मी इतकी लेणी पाहिली. देवळात येणाऱ्याकडं पाठ करून बसलेली बाई मी कुठंच पाहिली नाही.’’ मग तिनं उजवा हात पुढं केला. ‘‘माझ्या तळहातावर काढ. सावकाश.’’

मी तिचा हात धरला. खडूनं आणि पेन्सिलीनं वर्षानुवर्षं घासलेला, कोरडा, गरम हात. त्यावर मी बोटानं एक पाठ काढली, एक वेणी काढली, टेकवलेला हात काढला. आत्यानं मूठ मिटली. मग म्हणाली, ‘‘चल. संध्याकाळच्या आत पोचू.’’

परतीच्या बसमध्ये तिनं एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, दमली.

पाडव्याला मराठी मंडळाचा कार्यक्रम असतो. सतरंज्यांवर लहान मुलं, खुर्च्यांवर मोठी माणसं, मागं श्रीखंड-पुरीचा वास. त्या वर्षी कुणीतरी सुचवलं, इंदूताईंना लेण्यांवर बोलायला सांगा. आत्यानं नवी साडी नेसली. आईनं तिचा हात धरून तिला मंचावर नेलं. आम्ही घरचे पहिल्या रांगेत.

ती छान बोलली. वेरूळबद्दल, डोंगर वरून खाली उतरत देऊळ कसं काढलं त्याबद्दल. मग म्हणाली, ‘‘आता आपल्या जवळचं एक सांगते. गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं मला देवनहळ्ळीजवळ एक लेणं दाखवलं.’’ ती थांबली. पाण्याचा घोट घेतला. ‘‘तिथं डावीकडच्या भिंतीवर एक बाई कोरलेली आहे.’’ पुन्हा थांबली. ‘‘ती पाठमोरी आहे.’’

मी माझ्या ओढणीचा गोंडा बोटाला गुंडाळत होते, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं. उठावंसं वाटलं नाही असं नाही. पण उठून म्हणायचं काय? आत्या वेणीबद्दल बोलली, वाळ्यांबद्दल बोलली, टेकवलेल्या हाताबद्दल बोलली. मध्ये मध्ये थांबत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्याच रविवारी मंडळातले वामनकाका, निवृत्त इंजिनियर, आणखी चौघांना घेऊन तिथं गेले. कॅमेरे होते, टॉर्च होते. मग रामनवमीच्या भजनाला सगळे पुन्हा जमले, तेव्हा पन्हं फिरत असताना वामनकाका उभे राहिले.

‘‘इंदूताई,’’ ते हसत म्हणाले, ‘‘आम्ही जाऊन आलो बरं का. भिंत साफ कोरी आहे हो! तुम्हाला दिसली ती आम्हा डोळसांना कुठली दिसायला?’’

हशा पिकला. त्या हशात कुणी दुष्ट नव्हतं, आणि म्हणूनच तो थांबवता येण्याजोगा नव्हता. अण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘माझा गोंधळ झाला असेल. दुसरीकडचं कुठलं तरी आठवलं असेल. माफ करा.’’

‘‘अहो, माफ कसलं! वय झालं की होतं असं,’’ कुणी बाई म्हणाल्या, आणि आत्याच्या हातात पन्ह्याचा दुसरा पेला देण्यात आला.

त्यानंतर तिला कुणी बोलायला बोलावलं नाही. मंडळातल्या पोरांनी तिचं नाव ‘पाठमोरी’ ठेवलं. ती काठी टेकत आली की कुणीतरी भिंतीकडं तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि बाकीची तोंड दाबून हसायची. तिला ऐकू यायचं. तिला सगळंच ऐकू यायचं. एकदा मीही हसले. सगळी हसत होती आणि मी एकटी न हसणं विचित्र दिसलं असतं.

मे महिन्यात, निकाल लागल्यावर, तिनं मला हाक मारली. ट्रंक उघडी होती.

‘‘या अकरा वह्या आहेत का, मोज.’’

मी मोजल्या.

‘‘रद्दीवाला आलाय खाली. देऊन टाक.’’

‘‘आत्या!’’

‘‘मला दिसत नाहीत. आणि या घरात दुसऱ्या कुणाला बघता येत नाही. जा. तूच दे.’’

आई मध्ये पडली, रडली. आत्या ऐकेना. मी त्या वह्या छातीशी धरून जिना उतरले. रद्दीवाल्यानं वरची वही उघडली, चाळली, म्हणाला, ‘‘चन्नागिदे, छान आहे,’’ आणि वर्तमानपत्रांच्या ढिगात ठेवली. मी त्याला थांबवलं नाही. थांबवायला मला वर जाऊन खरं सांगावं लागलं असतं.

मग मी इंजिनियर झाले, नोकरीला लागले, मारतहळ्ळीला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहू लागले. रविवारी घरी जाते. आत्या तशीच आहे, थोडी वाळली आहे. आईला विचारते, पेपरवाल्याला विचारते, फुलवालीला विचारते, बाहेर काय आहे, कसं आहे, केवढं आहे. मला विचारत नाही. त्या बसमध्ये तिनं प्रश्न थांबवले ते कायमचेच. मी शेजारी असले आणि खिडकीबाहेर ढोल वाजले, तरी आई येईपर्यंत ती थांबते.

यंदा, तीन आठवड्यांपूर्वी, एक दिवस रजा घेऊन घरी गेले असताना, मी तिला सांगितलं. का त्याच दिवशी सांगितलं, माहीत नाही. शेजारच्या घरातली मुलगी परीक्षेला निघाली होती, तिची आई तिच्या हातावर दही घालत होती. आत्या शेंगा सोलत होती.

‘‘आत्या, त्या लेण्यात काही नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं.’’

तिचे हात थांबले नाहीत. ‘‘माहीत आहे.’’

‘‘वामनकाका बोलले तेव्हा कळलं?’’

‘‘तिथंच कळलं. तळहातावर काढलंस तेव्हा.’’ तिनं एक शेंग फोडली. ‘‘बघून काढणारा थांबतो. वर बघतो, खाली बघतो, रेघ तुटते. मी तीस वर्षं मुलं पाहिली. तुझं बोट कुठंच थांबलं नाही.’’

‘‘मग सभेत का सांगितलंस? एवढ्या लोकांत?’’

‘‘तू पहिल्या रांगेत होतीस. मी थांबत थांबत बोलले. म्हटलं, आता उठेल. वेणीपाशी तरी उठेल.’’

‘‘मी अठरा वर्षांची होते, आत्या.’’

‘‘हो. म्हणून तर वाटलं, उठशील.’’

‘‘मला माफ कर.’’

ती जरा विचार करत बसली. खरोखर विचार केला तिनं, मला तो दिसत होता.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुला जेवायला वाढीन, तुझ्या लग्नात बसेन. ते नाही होणार.’’ आणि सोललेल्या दाण्यांचं ताट माझ्याकडं सरकवलं, ‘‘आत ने,’’ म्हणून.

गेल्या शनिवारी मी एकटी देवनहळ्ळीला गेले. आता तिथवर सिमेंटचा रस्ता आहे. टेकडीच्या तिन्ही बाजूंनी लेआउट, म्हणजे प्लॉटांची वसाहत, झाला आहे, कमान आहे, वॉचमन आहे. नाव लिहून आत सोडतात. लेण्याच्या दोन्ही खांबांना सोनेरी ऑइलपेंट दिलाय, जमिनीवर चकचकीत टाइल्स बसवल्यात, कोठडीला ग्रिल आहे. डावी भिंत तेवढी कुणी रंगवली नव्हती. मी तिथं दोन तास बसले. वही नेली होती, पेन्सिल नेली होती. मी कधी चित्र काढलेलं नाही. एकेक घाव बघत, वर बघत, खाली बघत, थांबत थांबत मी ते ओरखडे कागदावर उतरवले. तिरके कुठं, सरळ कुठं. उजवीकडं वर एक बारीक चीर आहे, छतापर्यंत गेलेली. बहुधा ती दिसल्यावरच कारागिरांनी काम सोडलं असेल. हे मला त्या वेळी दिसलं नव्हतं, कारण त्या वेळी मी भिंतीकडं पाहिलंच नव्हतं.

काल रविवार. जेवणं झाल्यावर आत्या कॉटवर बसली होती. मी जवळ खुर्ची ओढली.

‘‘आत्या, मी जाऊन आले. त्या लेण्यात. आता सगळं सांगते, काय आहे ते. डाव्या भिंतीवर एक चीर आहे, बघ. उजव्या कोपऱ्यातून निघते आणि…’’

तिनं हात वर केला. मी थांबले.

‘‘तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?’’

‘‘कुणी नाही. एकटीच गेले होते.’’

‘‘मग राहू दे,’’ आत्या म्हणाली.